मामा आणि सलाइनची चक्री

सलाइनवर आमच्या मामांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा ती बनवणाऱ्या कंपनीचाही नसेल. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ, वडपे गावचे. भातशेतीच्या जागी आता त्यांची गोदामं उभी आहेत. ताप असो, अपचन असो की नुसता आळस, त्यांचा इलाज ठरलेला: "एक बाटली चढव, टणटणीत होशील." खारबावच्या एका लग्नात उपाशी नवरदेवाला जरा चक्कर आली, तर हे त्याला मुंडावळ्यांसकट दवाखान्यात न्यायला निघाले. नवरीच्या आईने घाईघाईने दोन लाडू भरवले म्हणून वाचला बिचारा. मामांचं दुसरं वेड घाईचं. दारात ट्रक लागला की तो खाली होईपर्यंत ते चहाचा घोटसुद्धा घेत नाहीत. "गाडी उभी राहिली का माजा जीव वरखाली होतो," म्हणतात.

ही दोन्ही वेडं एकदम भेटली ती दवाखान्यात, माझ्या आईच्या खाटेपाशी. आईचं हृदय आधीच कमजोर, त्यात जुलाबांनी ती गळून गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, सलाइनची बाटली अगदी हळू जाऊ द्या, रात्रीपर्यंत पुरली पाहिजे. मामा शहाळी घेऊन आले, म्हणून त्यांना बसवून मी खाली औषधं आणायला गेले. मेडिकलवर ही गर्दी! अर्ध्या तासाने वर येते तर बाटली रिकामी, आणि आई उठून बसलेली, तोंड उघडं, घशात घरघर.

सिस्टर धावत आली. "ये किसने खोला?"

"मीच," मामा म्हणाले. "नळीवरची चक्री सगली सोडली. लवकर संपली तर बाय लवकर घरी येल, म्हून."

त्यांनी लपवलं नाही, एवढं खरं. डॉक्टरांना लगेच कळलं, पाणी फुप्फुसात उतरलंय. ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं. आणि मी? आयुष्यात कधी मोठ्यांना उलटून न बोललेली मी, भर वॉर्डात ओरडले, "आईला मारायला आला होतात का?" मामा हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आईचा मास्क निघाला. तिने पहिलं विचारलं, "त्याला ओरडलीस?"

"हो."

"बरं केलंस. आता जा, त्याला जेवायला घाल. कालपासून जिन्यात बसलाय, सिस्टर सांगत होती."

मी डबा घेऊन गेले. दोन घास खाऊन मामांनी विचारलं, "बायला दम लागत न्हाय ना आता?"

आई बरी आहे, खणखणीत बोलते. मामा अजूनही आजाऱ्यांना भेटायला जातात, पण खोलीच्या दाराशीच थांबतात. परवा आईला साधा ताप होता, घरीच. ती हाका मारत होती, "आत ये ना रे!" आणि मामा म्हणत होते, "हितंच बरा हाय मी." त्या दिवशी मी त्यांना बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण त्यांना असं उंबऱ्याबाहेर उभं बघून मला रडू आलं.