यांचं जाड अक्षर

सुरतेजवळच्या कडोदऱ्याहून फोन आला तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. एका कारखान्याच्या भिंतीवर नाव रंगवायला हे सकाळीच गेले होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "पेंटरजी के घर से?" त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. शिडीवरून उतरले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. भिंतीवरचं काम मात्र पुरं झालं होतं म्हणे.

लग्न होऊन मी धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेत उधन्याला आले, तेव्हा मला गुजराती वाचता येत नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंतच. हे सायकलवर मागे बसवून मला बाजार दाखवायचे. "हा बोर्ड माझा. तोही माझा." सांगायची गरज नसे. साडीचं दुकान असो की टेम्पोचा फाळका, यांचं अक्षर जाड आणि रुंद, चांगलं जेवून मांडी घालून बसलेल्या माणसासारखं. म्हणायचे, "ट्रकवाला वाचायला थांबत नाही. अक्षर एवढं पसरलं पाहिजे की नजर त्याच्यावर बसलीच पाहिजे."

ते अक्षर एका चुकीतून आलं. सुरतेतला त्यांचा पहिला गुजराती बोर्ड. हाताला मराठीची सवय, त्यामुळे सगळी अक्षरं लिहून वर सरळ रेघ ओढून मोकळे झाले. गुजरातीत ती नसते. साडीवाला शेठ बाहेर येऊन म्हणाला, "अल्या पेंटर, आ शुं? अक्षर दोरी पर सुकव्यां छे?" अक्षरं दोरीवर वाळत घातलीस का, म्हणून आजूबाजूचे सगळे हसले. रेघ पुसली, तर अक्षरं सुटी सुटी, पोरकी दिसायला लागली. मग यांनी एकेक अक्षर शेजारच्याला खेटेल इतकं रुंद केलं. वरून धरणारं कोणी नाही, तर एकमेकांना धरा, म्हणाले.

पुढे फ्लेक्स आले. जाड अक्षर कंप्युटरवर मिळायला लागलं, तेही संध्याकाळपर्यंत. यांचे बोर्ड उतरत गेले. बोर्ड उतरला की हे त्या गल्लीतून जायचं सोडायचे.

हाताला काम नव्हतं, तेव्हा म्हणाले, "आता तुझा बोर्ड." मी घरी ब्लाउज शिवते, बायका विचारत विचारत येतात. मला लाज वाटली. म्हटलं, "लिहायचंच तर मराठीत लिहा, आणि जरा बारीक."

"बारीक? लोक म्हणतील पेंटरची बायको उपाशी आहे. तुनं नाव दूरथीन दिसाले पायजे."

पत्र्यावर लाल रंगात 'सुमन' लिहिलं. रेघ ते शेवटी ओढत, अक्षरं वाळल्यावर, एका दमात. तेवढ्यात कडोदऱ्याचं काम आलं. "येतो नि ओढतो," म्हणाले.

ते गेल्यावर त्यांचे दोस्त पेंटर येऊन गेले. एकानं विचारलं, "वहिनी, मी ओढून देऊ?" मी मान हलवून नको म्हटलं. पत्रा भिंतीला टेकून तसाच राहिला. परवा शेजारच्या हंसाबेननं तो पाहिला.

"सुमनबेन, बोर्ड केम नथी लगाडता?"

"अधूरुं छे."

तिनं पुन्हा वाचलं. "सुमन. बराबर तो छे! शुं बाकी छे?"

तिनं ते गुजराती म्हणून वाचलं होतं, आणि गुजरातीत ते पुरं होतं. तिच्याच मुलानं खिळे ठोकून दिले. आता बायका न विचारता येतात. वर बघतात, नाव वाचतात, आत येतात. कुणालाच काही कमी दिसत नाही. दार लावताना मी रोज त्या अक्षरांना हात लावून बघते. रंग केव्हाच वाळलाय...