मोजायचं नाही, काढायचं

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला काही विचारलेलं नाही. लग्नाच्या वेळी नवरीचं नावसुद्धा त्यांनी म्हणे तिच्या दोन बहिणींच्या नावांवरून काढलं होतं. मामी अजून सांगतात, ते चुकलं होतं.

मामा भूमितीचे निवृत्त मास्तर. प्रताप नगरातल्या त्यांच्या व्हरांड्यात अर्ध्या नागपूरची पोरं दोन समांतर रेषा, त्यांना कापणारी छेदिका आणि मध्ये अडकलेला त्रिकोण घेऊन बसत. कोणी पेटीतून कोनमापक काढला की जप्त! "मोजते तो शिंपी, काढते तो गणिती! रेषा समांतर, म्हणून हा कोन त्या कोनाएवढा. दोन समजले, आता तिसरा एकशे ऐंशीतून पळून जाते कुठं?" जप्तीचे कोनमापक इतके साचले की मामींनी त्यांचं तुळशीभोवती कुंपण केलं.

कोणाला पत्ता विचारणं हेही त्यांच्या लेखी कोनमापक लावणंच. एकदा कळमन्याजवळ एका लग्नाला निघालो, तर 'ही गल्ली त्या गल्लीला समांतर' असं धरत त्यांनी मला अशा मांडवात नेलं, जिथं आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आम्ही जेवलो, आहेर दिला, नवरदेवाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. बाहेर पडताना मामा म्हणाले, "जावईबापू, उत्तर चुकलं, पण रीतीचे मार्क भेटतात!"

मागच्या उन्हाळ्यात मामी काही कारण न सांगता पिशवी घेऊन हुडकेश्वरला बहिणीकडे निघून गेल्या. मामांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्रिकोण काढला. "एक कोन, मी भाजीले नावं ठेवली. दुसरा, तिच्या बहिणीचं घर लहान. तिसरा निघते, सोमवारी वापस." सोमवार गेला. नवा त्रिकोण, नवा वार. तर्रीपोह्यांवर जगून मामा इतके वाळले की त्यांच्या शर्टात आणखी एक मामा मावले असते.

"फोन करून विचारा ना मामा, काहून गेल्या त्या!"

"विचारून भेटते ते उत्तर नसते, जावईबापू." मामांनी पुन्हा पेन्सिल उचलली. शेवटी एका सकाळी ती खाली ठेवून म्हणाले, "स्कूटर काढा."

मामी अंगणात गहू निवडत होत्या. मामांनी उभ्याउभ्याच सिद्धता मांडली, "मले राग आला की मी घराबाहेर पडतो. तूही पडली, म्हणजे तुले राग आला. तुझं-माझं मन समांतर, म्हणून कोन सारखे!"

मामींनी मान वर केली नाही. "समांतर आहे हे गणितात दिलं होतं, का तुम्हीच धरून घेतलं?"

याच चुकीसाठी मामांनी पोरांच्या वह्या रस्त्यापर्यंत भिरकावल्या होत्या, आणि मामींनी ते सारं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मामा खाली बसले, गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग पुटपुटले, "काहून आली वं इथं?"

"डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं डॉक्टरनं. भेव वाटून राहिलं मले." मामींचा हात गव्हातच थांबला. "म्हटलं, तुम्ही विचारान कधीतरी."

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. मामांनी तळवा पुढं केला. "हात धरू का वं?"

"आता हेही विचारा लागते का?" मामी म्हणाल्या, आणि आतून नाव पुकारेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.