तानूबाईच्या ओव्यांची टेप

“माझ्या आईचा आवाज द्या! न्हाईतर ह्या पायरीवरनं उठत न्हाई!”

सोपान तालुक्याच्या कचेरीच्या दारात ओरडत होता. मागे आमचं गाव, त्यामागे काष्टीचा बाजार अर्धा टाकून आलेली माणसं — पाच हजार होती म्हणा. बरं, पन्नास. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? मी. कर्णाही माझाच होता.

आता जे सांगतोय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, कुणास ठाऊक.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं. लग्नात कर्णा लावणारा पंचक्रोशीत मी एकटा. माझा कर्णा लागला की भंडारदऱ्याच्या धरणात लाटा उठत — धरण किती लांब, ते विचारू नका. त्यात मी एक जुना टेपरेकॉर्डर आणलेला, दोन चाकांचा, ट्रंकेएवढा. तबकड्या उसन्या आणायच्या, गाणी टेपवर उतरवायची, लग्नात वाजवायची.

तेवढ्यात नगरहून एक साहेब आला. तबकडीवरचं गाणं असं उतरवणं म्हणजे चोरी, असा कायदा आहे म्हणाला, आणि त्यानं माझ्या दोन टेपा जप्त करून कचेरीत जमा केल्या. कोऱ्या टेपा! भीतीनं दुकानदारांनीही टेपा ठेवणं बंद केलं. गाव भडकलं. “पोराचं रडनं भरायचं झालं, तर त्येबी साहेबाला इचारायचं का?” पारावरचे म्हातारे म्हणत. काय चुकीचं होतं त्यांचं?

एक टेप मात्र साहेबाच्या हाती लागली नव्हती. तानूबाईची — सोपानच्या आईची. सोपान माझा लंगोटीयार, आणि तानूबाईनं त्याच्यापेक्षा चार भाकरी मलाच जास्त वाढलेल्या. ओव्या भरायच्या ठरल्या, तर ती म्हणाली, “दळल्याबिगर ववी कशी येईल रं?” घरात दळण नव्हतं. मग शेजारणींनी ज्वारी आणली, आणि टेप संपेतो तानूबाईनं तीन घरांचं पीठ पाडलं. मधेच थांबून यंत्राकडे बघत म्हणाली, “ह्याला भूक लागली का बघ, कवाधरनं फिरतंय.” तेही टेपवर आलं.

चार महिन्यांत ती गेली. सोपान दर आठवड्याला माझ्याकडे येऊन टेप ऐकायचा. भुकेचं वाक्य आलं की हसायचा, मग उपरण्यानं डोळे पुसायचा.

आता — कसं सांगू? शेजारच्या गावात लग्न होतं. नवंकोरं गाणं वाजवीन, अशी मी बाजारभर बढाई मारलेली. तबकडी मिळाली, ती एका दुपारपुरती. कोरी टेप कुठेच नाही. घरात एकच टेप. थोडंसंच पुसलं जाईल, असं वाटलं होतं का? नाही. काहीच वाटलं नव्हतं. मी बटण दाबलं. चाकं फिरत राहिली. जातं गेलं, ओव्या गेल्या, तानूबाई गेली. लग्नात ते गाणं तीनदा वाजलं — वऱ्हाड जेवणात गुंग.

सोपान आला तेव्हा म्हणालो, “साहेबानं तीही नेली.”

तीन शब्द. गाव त्या कायद्यावर आधीच दात धरून होतं. मोर्चा निघाला.

कचेरीतला कारकून बाहेर आला. साधा, घामाघूम झालेला माणूस. त्यानं सगळ्यांसमोर दाराजवळचं कपाट उघडलं. आत माझ्या दोन कोऱ्या टेपा, सील लावलेल्या. “तिसरी टेप आमच्याकडे आलीच नाही हो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायचं असतं तर तेव्हाच. मी कर्णा तोंडाशी धरला आणि ओरडलो — “खोटं बोलतोय!”

परतताना बैलगाडीत मी सोपानला हळूच विचारलं, तो कारकून खरं बोलत असला तर?

“मंग तू खोटं बोलला आसशील. आन् तू कशापायी बोलशील?” सोपान म्हणाला.