चौदा सह्यांचा कागद

कुवेतमध्ये, सालमियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये दारामागे एक हॉकीस्टिक उभी आहे. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं की ती माझी आहे. ती माझी नाही. ती माझ्याकडे कशी आली हे मी तिला कधी सांगितलं नाही — कुणालाच नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो की मनातल्या मनात विषय बदलतो, इतका मी तरबेज झालोय. आज तुम्हाला सांगतो. एका दमात जमेल असं मात्र वाटत नाही.

मी मूळचा खडकीचा. आमच्याकडे घरटी एक तरी हॉकीवाला असतो. मी बेताचाच खेळाडू, पण इंग्रजी बरं होतं, टायपिंग येत होतं. त्या जोरावर आखाती युद्धानंतर दोन-तीन वर्षांनी कुवेतला आलो. आमचा कुवेती मालक तरुणपणी पुण्यात शिकायला होता. कॉलेजात किती गेला कोण जाणे, पण संध्याकाळी खडकीच्या मैदानावर हजर असायचा म्हणे. पुढे बापाची पाइप आणि व्हॉल्व्हची कंपनी हातात आली आणि त्याने हौस भागवून घेतली. इथले काही शौकीन ससाणे बाळगतात, याने हॉकीची टीम बाळगली.

कंपन्यांची लीग होती. शुक्रवारी सकाळी सामने, मैदान म्हणजे रोलर फिरवून घट्ट केलेली वाळू. मालकाने खडकीतून, भोपाळमधून चौदा पोरं आणली. तिकडे त्यांना सांगितलं, खेळायला या. इकडे इकाम्यावर लिहिलं, गोदाम हेल्पर. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना — तो मालकाच्या नावावर चालतो, आपल्या नाही. सकाळी गोदामात पाइप उचलायचे, दुपारी चारला प्रॅक्टिस. पासपोर्ट सगळ्यांचे मालकाच्या तिजोरीत. माझाही तिथेच होता. मी टीमचा मॅनेजर, मला केबिनमध्ये खुर्ची होती एवढाच काय तो फरक.

दत्ता त्या चौदांतला. आम्ही एकाच गल्लीतले, एका वर्गातले. पेनल्टी कॉर्नर असा मारायचा की गोलकीपरला नुसता आवाज ऐकू यायचा. खरा कारागीर मात्र लेथवरचा — आयटीआय केलेला टर्नर. त्याला त्याच्या गुडघ्यानं आणि मालकानं मिळून छळलं. गुडघा सुजला तरी इंजेक्शन देऊन उतरवायचे. दोन वर्षांचा करार संपून तिसरं वर्ष संपत आलं तरी सुट्टी नाही, कारण सीझन चालू. आणि दुसऱ्या एका कंपनीने त्याला टर्नर म्हणून बोलावलं होतं. पक्कं काम, वर फॅमिली व्हिसा. मंगलला, त्याच्या बायकोला, आणता आलं असतं. फक्त मालकाने रिलीज, म्हणजे दुसऱ्या कंपनीत जायची परवानगी, द्यायची होती. मालक म्हणायचा, "अगले साल, इन्शाल्ला." हे तो दर वर्षी म्हणायचा.

मग ते पत्र आलं. आलं कसलं — मीच लिहिलं.

सेमीफायनल जिंकून आम्ही जलीबला पोरांच्या खोलीवर आलो होतो. खाली वर्तमानपत्रं पसरून, मध्ये भाताचं मोठं ताट, सगळे भोवती. जेवता जेवता पोरांचं ठरलं. मागण्या तीनच : दोन वर्षांनी सुट्टी, करार संपलेल्याला रिलीज, आणि जखमी माणसाला मैदानात उतरवायचं नाही. उत्तर मिळेपर्यंत फायनल खेळायची नाही. पण पहिली सही कोण करणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्याचं नाव वर, तोच म्होरक्या ठरणार आणि तोच विमानात बसणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

आयडिया माझी होती. माझे वडील कारखान्यात कामगार होते. तिथे साहेबाकडे असा अर्ज न्यायचा तर सह्या गोलात करायचे, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण ते समजत नाही. मी डब्याचं झाकण कागदावर ठेवलं, पेनाने भोवती फिरवलं. पोरं खूश झाली. चौदा जणांनी कागद फिरवून फिरवून त्या गोलाभोवती सह्या केल्या. दत्ताने केली. आमचा गोलकीपर भोपाळचा सलीम, सगळे त्याला सल्या म्हणायचे, त्याने उर्दूत केली.

मी नाही केली.

कुणी विचारलंही नाही. दत्ताच हसून म्हणाला, "मध्या आपला वकील. वकील कधी सही करतो का?" मीही हसलो. आतून बरं वाटलं, हे आज कबूल करतो. त्याच आठवड्यात माझा फॅमिली व्हिसाचा अर्ज मालकाच्या टेबलावर होता. सुनंदा आणि दोन वर्षांची आमची मुलगी खडकीत बॅगा भरून बसल्या होत्या. मालकाच्या एका सहीचं काम.

शनिवारी सकाळी कागद घेऊन मालकाच्या केबिनमध्ये आत गेलो. मालकाने तो वाचला. मग स्टिअरिंग फिरवावं तसा कागद हातात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. चहा मागवला. ड्रॉवरमधून माझा व्हिसाचा अर्ज काढून त्या कागदाशेजारी ठेवला, आणि पेन त्यावर आडवं ठेवलं — टोपणसुद्धा काढलं नाही.

"मधू, ये गोल किसने बनाया?"

एवढंच विचारलं. धमकी नाही, काही नाही. चहा आला. मी साखर ढवळत बसलो. दाराला बाहेरून कडी लावल्यासारखं वाटत होतं, आणि दार तर सताड उघडं होतं. उठून जायला कुणी अडवलं होतं? "मी काढला" म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "दत्ता."

नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. दत्ता टीमचा कणा आहे, फायनल तोंडावर आहे, त्याला मालक हात लावणार नाही, म्हणून मी मुद्दाम त्याचंच नाव घेतलं — असं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? पण खरं सांगू? हे सगळं नाव तोंडातून गेल्यावर सुचलं. त्या क्षणी दत्ताचं नाव आलं, कारण मला सगळ्यात जवळचं नाव तेच होतं.

आणखी एक गोष्ट. पत्र माझ्या हातचं होतं, मालकाला माझं अक्षर रोजचं माहीत. गोल कुणी काढला हे त्याला ठाऊक नसेल, असं मला आजही वाटत नाही. त्याला खरं उत्तर नकोच होतं. त्याला मी हवा होतो. त्याने टोपण काढलं, माझ्या अर्जावर सही केली आणि म्हणाला, "तुम मेरा आदमी."

मंगळवारी मंदूब, म्हणजे कंपनीचा सरकारी कामं करणारा माणूस, गोदामात आला आणि दत्ताला अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत घालून घेऊन गेला. इकामा रद्द. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. मालक मला म्हणाला, "तुम भी जाओ एअरपोर्ट, दोस्त है ना." मी गेलो. नाही कसं म्हणणार होतो? जाताना खोलीवरून त्याची बॅग आणि स्टिक घेतली.

मंदूबने काउंटरपाशी दत्ताचा पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि मी दत्ताला दिला. तीन वर्षांनी त्याने तो पाहिला. उघडून स्वतःच्या फोटोकडे बघत राहिला. "मी एवढा बारीक होतो का रे?" म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मध्या, नाव कुणी दिलं असेल?"

मी त्याच्या तिकिटावरची वेळ पुन्हा वाचू लागलो.

"सल्या त्या दिवशी आत गेला होता म्हणतात. शनिवारी."

मी म्हणालो, "असेल."

एक शब्द. मला वाटतं केबिनमधल्या शब्दापेक्षा हा वाईट. तिथे निदान समोर मालक होता. इथे दत्ता होता, आणि तो माझ्याच खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्याने स्टिक परत माझ्याच हातात दिली. "विमानात घेऊ देत नाहीत म्हणे. तुझी पोरगी येतेय ना, तिला शिकव." आणि लंगडत आत गेला.

फायनल झाली. तेरा जण गुपचूप मैदानात उतरले आणि आम्ही जिंकलो. हरलो असतो तर मला जरा बरं वाटलं असतं. कपाबरोबरचा फोटो अजून ऑफिसात टांगलाय, त्यात मी मालकाच्या उजव्या हाताला आहे. तीन मागण्यांचं पुढे काही झालं नाही, कुणी विचारलंही नाही. पुढच्या महिन्यात सलीमला मात्र घरी जायला सुट्टी मिळाली. त्याची आई वारली होती, त्याची सुट्टी. पण नाव त्यानेच दिलं असं मानायला पोरांना तेवढं पुरलं; त्याच्या तोंडावर मात्र कुणी तसं म्हटलं नाही. परत आला तेव्हा त्याच्यासाठी वर्तमानपत्र वेगळं पसरलेलं होतं. मोठ्या ताटाशी त्याला जागा नव्हती. तो बिचारा आधी समजलाच नाही, सरकून जागा करू लागला, तर एकाने ताट उचलून पलीकडे नेलं.

मग माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मॅनेजर ना मी. मी काय म्हणालो ऐकायचंय? म्हणालो, "जाने दो यार. उसकी भी कोई मजबूरी होगी."

किती मोठ्या मनाचा माणूस, असंच वाटलं असेल त्यांना. सलीमने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी त्याची बाजू घेतली. आणि बाकीच्यांना वाटलं की मॅनेजरलाही ठाऊक आहे, म्हणजे खरंच असणार. त्या एका वाक्याने सलीम कायमचा बाजूला पडला. त्याने पुढच्या सीझनला पॅड घातलेच नाहीत. मी मोठ्या ताटावर जेवलो.

सुनंदा आली, मुलगी आली. सालमियात घर झालं, संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाऊ लागलो. लोक म्हणायचे नशीब काढलंस. मी मात्र दुसरीकडे नोकरी शोधायची हिंमत कधी केली नाही. रिलीज मागायला त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत बसावं लागलं असतं. मालकाने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दर वर्षी इकाम्याच्या कागदावर सही करताना फक्त म्हणतो, "मधू, तुम मेरा आदमी." आणि मी हसतो. मुलगी मोठी झाली, मी मराठीत बोललो तर इंग्रजीत उत्तर देते. एकदा स्टिक हातात घेऊन तिने विचारलं होतं, "बाबा, डिड यू प्ले वेल?" मी म्हणालो, बरा खेळायचो.

अकरा वर्षांनी खडकीत दत्ताची गाठ पडली. टाळत होतो, पण मैदानावर समोरासमोर आलो. कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये लेथवर होता, गुडघा वाकत नव्हता, संध्याकाळी पोरांना शिकवायचा. मंगलने कुवेत कधी पाहिलं नाही. त्याने मला मिठी मारली. माझ्या मुलीची चौकशी केली, स्टिकची केली. निघताना म्हणाला, "सल्या अजून तिथेच आहे ना? त्याला सांग, माझ्या मनात काही नाही. मी कधीच माफ केलंय त्याला. नक्की सांग हं, मध्या. माणूस वाईट नव्हता तो."

"सांगतो," म्हणालो.

परत आल्यावर गोदामात सलीम भेटला. केस पिकलेले, डबा एकट्याने खायची सवय लागलेली. मी खडकीला गेलो होतो हे त्याला माहीत होतं. माझ्यासाठी चहा मागवला.

"दत्ता मिला?"

"मिला."

"मेरे बारे में कुछ बोला?"

दत्ताचा निरोप जिभेवर होता. पण तो दिला असता तर सलीमने विचारलं असतं, माफी कशाची? आणि मग अकरा वर्षं त्या वेगळ्या वर्तमानपत्रावर तो कशासाठी जेवला हे त्याला कळलं असतं. आणि पुढचा प्रश्न माझ्याकडेच आला असता.

"नहीं," मी म्हणालो. "कुछ नहीं बोला."

त्याने मान हलवली, दोनदा, आणि कप उचलून रॅककडे गेला.

दत्ता खडकीत आहे. सलीम अजून जलीबलाच राहतो. तो गोल मी काढला होता, आणि दत्ताचं नाव मी दिलं. सलीम त्या शनिवारी आत गेला होता तो दत्ताच्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या कागदावर मालकाची सही मागायला.