मांडीवर कीबोर्ड, समोर स्क्रीन

माझे काका एकतीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची छत्री कॅन्टीनमध्ये राहिली, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची हा त्या नोकरीचा नियम. तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की घरीसुद्धा ते विचारायचे, "चहा झाला का? चहा झाला का?"

काकू म्हणायची, "एकदाच विचारा. मी काही फलाटावर उभी नाही."

"फलाटावरचे लोक निदान वेळेवर येतात," काका म्हणायचे.

हे उत्तर ते विचार करून देत नसत. काकूचं वाक्य खाली पडायच्या आत ते तयार असे. आमच्या घराण्यात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला चांगलं उत्तर सुचतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना. काकांचं सगळं बोलणं मात्र वेळेवर चालायचं. गाड्यांचं नसेल चालत.

निवृत्तीला दोन वर्षं झाली आणि घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण आवाज जाईल. काका म्हणाले, "एकतीस वर्षं वापरलाय, तसाही झिजलाच असेल." ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. घरात एक पांढरी पाटी आली आणि मार्कर आले.

पाटीत अडचण अशी होती की काका लिहायला वाकले की लोकांना वाटायचं, ह्यांचं काही म्हणणं नाही. मग ते आपलं बोलत पुढे जायचे. काका पाटी वर करायचे तोवर विषय दोन गल्ल्या सोडून गेलेला असायचा. एकदा त्यांच्या डेपोतला जुना वाहक भेटायला आला. त्याने नवी मोटारसायकल घेतली होती, ती वाटेत कशी बंद पडली ते रंगवून सांगत होता. काकांनी वाकून लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात वाहकाला वडिलांची आठवण झाली. वडील अंथरुणाला खिळलेत, आता फार दिवस नाहीत, असं सांगून त्याने डोळे पुसले. नेमकी तेव्हा काकांनी पाटी वर केली. पाटीवर लिहिलं होतं, "ढकलत ढकलत न्यायचंस, लवकर पोचला असतास."

वाहक बिचारा चहा अर्धा ठेवून गेला. काकांनी पाटी पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर ते फक्त मान हलवायचे. हो असेल तर खाली, नको असेल तर आडवी.

एके दिवशी मी जायला निघालो तर काकू जिन्यापर्यंत आली.

"भांडतही नाहीत रे माझ्याशी," ती म्हणाली. "परवा मी मुद्दाम भाजीत मीठ कमी घातलं. मान हलवून जेवले."

"काकू, तू माणसाला अळणी खायला घालून प्रयोग करतेस?"

"मग काय करू? सात महिने झाले. घरात माझाच आवाज ऐकतेय मी. आणि खरं सांगू? मला त्याची सवय व्हायला लागलीय." ती कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली. "ती सवय मला नको आहे."

हे तिने फोनवर ताईलाही सांगितलं असावं. ताई म्हणजे त्यांची मुलगी, लांबच्या शहरात नोकरी करते. तिने आईला अक्षरं मोठी दिसावीत म्हणून चांगला पाटाएवढा टॅब पाठवून दिला. आपण लिहायचं आणि टॅबने ते मोठ्याने वाचायचं, अशी सोय त्यात होती. ती मी सुरू करून दिली. काकांनी एक वाक्य लिहिलं आणि आतून एक बाई गोड आवाजात ते बोलली. काकांनी टॅब असा दूर सरकवला, जणू तो भाजतोय. काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद कर रे ते. ह्यांच्या तोंडून परकी बाई नको माझ्या घरात."

मग नुसतं टाइप करून दाखवायचं ठरलं. पण काचेवर काकांचं जमेना. स्थानकावरच्या सूचना तेच टाइप करायचे, दहाही बोटांनी, मशीनकडे न बघता. त्यांची बोटं टेकून बसणारी होती, आणि काचेवर बोट टेकलं की अक्षर उमटतं. त्यामुळे स्क्रीनवर जे यायचं ते वाचून काकू म्हणायची, "ही कुठली भाषा?" एकेका बोटाने लिहायचं तर पाटीच परवडली.

घरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटा. त्यामुळे आपोआप तज्ज्ञ. "ह्याला कीबोर्डवालं कव्हर मिळतं," मी सांगितलं, "हवं तेव्हा लावायचं, हवं तेव्हा काढायचं." आणि कुणाला काही न विचारता जाऊन घेऊन आलो. राखाडी रंगाचं, वहीइतकं पातळ, बटणांखाली मंद उजेड. लोहचुंबकाने असं झटकन चिकटायचं की मी दुकानात चार वेळा उगाचच काढून लावलं. बटणांचा आवाज म्हणून नाही. मला ते फार आवडलं, यातच खरं तर सगळं आलं.

काकांनी बोटं ठेवली आणि ती धावायला लागली. मी ताईला फोटोसुद्धा पाठवला. पण स्क्रीन काकांच्या तोंडासमोर! काकूला वाचायचं तर त्यांच्या पाठीशी येऊन, खांद्यावरून वाकून बघावं लागे. काका लिहिताहेत की नुसते बसलेत हे तिला पाठमोऱ्या माणसावरून कळेना. दोनदा ती उगाचच उठून आली. तिसऱ्यांदा ते खरंच काही लिहीत होते, तेव्हा आली नाही.

काकांनी जरा विचार केला. कीबोर्ड काढून मांडीवर घेतला आणि टॅब टेबलावर फिरवून काकूकडे तोंड करून ठेवला. मला म्हणायचं होतं, वा! त्यांनी टाइप केलं. काकू स्क्रीनकडे बघत बसली.

"काय म्हणताय?"

काकांनी पुन्हा टाइप केलं.

"अहो, काहीच नाही आलेलं."

खोका आणून बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला. तो कीबोर्ड टॅबला चिकटलेला असेल तरच चालत होता. त्याचा जीव टॅबमध्ये. काढता येतो एवढंच खोक्यावर मोठं छापलं होतं, काढल्यावर काय होतं ते कुणी मोठं छापत नाही. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आवाज असता तर मी त्या दिवशी वाचलो नसतो. पण त्यांनी मान खाली घातली, कीबोर्ड टॅबला जागच्या जागी लावला आणि खिडकीशी जाऊन बसले. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच दुकानात गेलो. त्यांच्या खिशात कागदाचे चिटोरे आणि पेन्सिल, माझ्या हातात टॅब. दुकानदार माझ्याच वयाचा, सगळ्यांना बॉस म्हणणारा. बदलून द्यायला त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण काकांनी चिठ्ठीवर "बोलता येत नाही" असं लिहून पुढे केल्यावर नरम आला.

"मग ब्लूटूथवालं घ्या ना बॉस. कीबोर्ड वेगळा, स्टँड वेगळा, मधे काही संबंध नाही. हा बघा सगळ्यात भारी. एकदम सायलेंट. शेजारी झोपलेल्याला पत्ता लागत नाही."

काकांनी बटणं दाबून पाहिली आणि मान आडवी हलवली.

"का हो काका? छान तर आहे," मी म्हणालो.

चिठ्ठी आली. "पत्ता लागायला हवा."

मला काही समजलं नाही. काकांनी मला खांद्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी उभा राहिलो. समोर मोबाइलच्या काचा टांगल्या होत्या, त्या मोजत होतो. थोड्या वेळाने खांद्यावर टिचकी. चिठ्ठी. "काय ऐकलंस?"

"काहीच नाही. सुरू केलं होतं का तुम्ही?"

त्यांनी बोट उचललं. हेच, अशा अर्थाने. मग ते स्वतःच फळ्या धुंडाळायला लागले. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक जाडजूड कव्हर पडलं होतं. तेही ब्लूटूथवालंच, कीबोर्ड सुटा निघणारा. बटणं फुगीर, मागे पायासारखा उघडणारा दणकट स्टँड. दुकानदार म्हणाला, "बॉस, तो राहू द्या. फार वाजतो. दोघांनी परत आणून दिलाय." काकांनी तो टॅबला जोडून मागितला आणि मला पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

टक टक टक टक. मी आपण होऊन वळलो.

काका हसले. दात दिसेपर्यंत, सात महिन्यांत पहिल्यांदा. चिठ्ठीवर लिहिलं, "वळलास ना?" आणि खाली, "गाडी पुकारायच्या आधी मी माइकवर बोट वाजवायचो. त्याशिवाय कोण गप्प बसतं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांच्यासाठी माणसाला पुन्हा गप्प करणारी वस्तू घेऊन आलो होतो, तीही हौसेने.

मग काकांनी रीतसर तपासणी केली. स्टँड उघडून टॅबला वरून बोटाने ढकललं, पडतो का बघितलं. ओल्या रुमालाने बटणं पुसून बघितली, दुकानदाराचा जीव खालीवर. शेवटी दुकानदाराच्या हातात टॅब देऊन त्याला दुकानाच्या पार टोकाला, शटरपाशी, उभं केलं. आपण इकडे स्टुलावर, मांडीवर कीबोर्ड.

टक टक टक.

"आलं का?" मी ओरडलो.

"आलं आलं. 'तुमच्या शर्टाचं वरचं...'" दुकानदार वाचता वाचता थांबला आणि त्याचा हात गळ्याशी गेला. "बटण तुटलंय. अरे हो की!"

"सकाळपासून कुणी सांगितलं नाही का तुला?" मी विचारलं.

"नाही ना बॉस."

टक टक टक टक. दुकानदाराने वाचलं, "'सायलेंट लोक दिसताहेत सगळे.'" आणि तो असा हसला की रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. काका स्टुलावर ताठ बसले होते. स्थानकावर गाडी वेळेवर सुटली की बसायचे, तसे.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. काकू स्वयंपाकघरात गॅसवर डाळ ठेवून कांदा चिरत होती. काकांनी टॅब तिच्या ओट्यावर, डब्यांच्या रांगेपुढे उभा केला, अक्षरं मोठी करून घेतली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी मधल्या दारात.

बाहेर बटणं वाजली. काकूची सुरी थांबली.

"थांबा, चष्मा कुठे गेला... हं." तिने वाचलं, "'बारीक चीर.' हात माझे आहेत, मला कळतं!"

टक टक.

"'दात माझे आहेत.'" काकूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण सुरी तिने बाजूला ठेवली होती. "बघितलंस? बघितलंस कसे आहेत?"

मग बाहेर बराच वेळ आवाज चालू राहिला. काकू हात पुसून स्क्रीनसमोर उभी राहिली आणि ओळी येतील तशा मोठ्याने वाचायला लागली.

"'गेल्या सात महिन्यांत तू जे जे बोललीस त्याची उत्तरं राहिली आहेत. एकेक देतो. पडदा मी वाकडा ओढत नाही, वरचा खिळा वाकडा आहे.' काहीही! 'तुझी बहीण आली तेव्हा मी तोंड वाकडं केलं नव्हतं. दाढ दुखत होती.' दाढ? दोन तास? 'ती गेल्यावर थांबली.' अहो, शोभतं का हे तुम्हाला!"

ती ओरडत होती आणि हसत होती. बाहेर बटणं थोडा वेळ थांबली. मग पुन्हा वाजली, पण सावकाश, एकेक. ह्या वेळी काकूने मोठ्याने वाचलं नाही. मी तिच्या मागून वाकून पाहिलं.

"दवाखान्यात तू विचारलं होतंस, घाबरलात का. हाताला सुई होती, लिहिता आलं नाही. नंतर तू परत विचारलं नाहीस. घाबरलो होतो. तू औषधं आणायला खाली जायचीस तेव्हा जास्त."

काकू ते वाचून संपल्यावरही वाचत राहिली. मग तिने टॅब उचलला, दोन्ही हातांनी, भरलेलं पातेलं न्यावं तसा बाहेर नेला आणि काकांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसली.

"सात महिने पोटात ठेवलंत हे?"

काकांनी मान खाली हलवली.

"मान नका हलवू. बोला. मला काही घाई नाही."

काकांची बोटं बटणांवर आली. मी म्हणालो, मी निघतो. कुणाचंच लक्ष नव्हतं. मी गॅस बंद केला, चपला घातल्या. जिना उतरेपर्यंत बटणं वाजत होती, मधे थांबत होती, काकू काहीतरी हळू बोलत होती, मग पुन्हा वाजत होती. काका काय लिहीत होते ते मला ठाऊक नाही. स्क्रीन तिच्या बाजूला होती.