सुतळीची रेघ

ऐंशीच्या दशकात मी घणसोली गावात बालवाडी चालवत होते. महिन्यातून एकदा आढ्याला काटा टांगून, झोळीत घालून तान्ह्या पोरांचं वजन करायची. वजन मोठ्याने बोलायचं नाही, बाळाला नजर लागते, ही तिथली रीत. मी कार्डावरच्या तक्त्यात पेन्सिलीने ठिपका काढून तो मागच्या ठिपक्याला जोडायची आणि आईपुढे धरायची. रेघ उतरली असली की त्यावर बोट आपटायची. आया काय ते समजायच्या आणि पोराला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्यायच्या.

एक जण मात्र कधीच नेत नसे. तिच्या मुलाची रेघ सलग तीन महिने उतरत होती. मी बोट आपटायची, ती मान हलवून हसायची. माझं डोकं फिरायचं. कसली बाई आहे ही, पोटच्या पोराची काळजी नाही! मी तिच्याशी धड बोलणंही सोडलं.

चौथ्या महिन्यात मूल गेलं. जुलाबाचं निमित्त झालं.

भेटायला गेले तेव्हाही मनात राग होताच. तिने ट्रंकेतून कार्ड काढलं आणि उलटं धरून मला विचारलं, "बाई, ह्याच्यात काय व्हता?"

लहानपणी देवी आल्या तेव्हापासून तिला सगळं धूसर दिसे. स्वयंपाक, पाणी, मासळी साफ करणं सवयीने जमे. पेन्सिलीची बारीक रेघ तिला कुठून दिसणार? सासरी कळू नये म्हणून ती मान हलवत राहिली. आणि मी, रोज पोरांना अक्षरं गिरवायला लावणारी, एकदाही ओळखू शकले नाही. माझी मलाच शरम वाटली.

ते कार्ड घरी नेऊन मी पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवली. तिच्या मुलाच्या वजनाची रेघ, जशीच्या तशी. आता त्याचा काय उपयोग, हे मला कळत होतं. पण तिने विचारलं होतं.

पुठ्ठा तिच्या हातात दिला तेव्हा तिने सुतळीवरून बोट फिरवलं. आधी वर, मग खाली, पार टोकापर्यंत. मग बोट मागे आणून जिथे सुतळी वळली होती तिथे टेकवलं.

"हितं मना सांगाचा व्हता, बाई."

त्या वळणापासून पुढे आमच्या हातात तीन महिने होते.