चार दिवस जुंपून पाहिलेला गेम

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या भेटीत पसंत केलेली नाही, आणि ह्या नियमात मामीसुद्धा बसतात. "मला बघायला हे इतक्यांदा आले," मामी सांगतात, "की शेवटी आमचं कुत्रंसुद्धा ह्यांच्यावर भुंकायचं बंद झालं." चप्पल घ्यायची तर गुलमंडीवरच्या दुकानात ती पायात घालून मामा थेट रस्त्यावर उतरतात, सिटी चौकापर्यंत चालून येतात, आणि दुकानातला माणूस जुनी चप्पल हातात घेऊन त्यांच्या मागं धावत असतो. पलंग घेतला तेव्हा त्यांनी दुकानातच दुपारची झोप काढली. उठल्यावर "कूस बदलली की कुरकुरतोय" असं सांगून ते शेजारच्या पलंगावर गेले आणि उरलेली झोप तिथं पुरी केली. डॉक्टरही ते असेच निवडतात. आधी साध्या सर्दीसाठी जायचं, माणूस ऐकून घेतो की नुसताच लिहितो ते बघायचं, आणि पसंत पडला तरच पुढच्या खेपेला खरा आजार सांगायचा.

ह्या सगळ्याचं मूळ बैलात आहे. मामा बिडकीनकडचे. घरचं रान भरपूर, आणि आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की मामांना सोबत घेतल्याशिवाय तो बाजाराला जात नसे. मामा बैलाचे दात बघत, खूर बघत, त्याला बसवून उठवत, त्याच्या कानाशी काहीतरी बोलत, आणि एवढं करूनही लगेच हो म्हणत नसत. आठ दिवस औताला जुंपून बघायचा आणि मगच सांगायचं, ही त्यांची रीत. पुढं ते रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं आणि मामा-मामी पडेगावला बंगला बांधून राहायला आले. बंगल्यात सगळं आहे. पोर्चमध्ये गाडी आहे, गच्चीवर सोलर आहे, निवडायला बैल तेवढा नाही. त्यामुळे जन्मभर बैलांसाठी वापरलेली ती सगळी चिकित्सा आता कुकरच्या शिट्टीवर, चष्म्याच्या काड्यांवर आणि आमच्यासारख्या नातेवाइकांवर कोसळते.

माझ्यावर ती कोसळली माझ्या अंगठ्यामुळे. मी चितेगावच्या एका कंपनीत तयार झालेले सुटे भाग मोजून तपासायचं काम करतो. मायक्रोमीटर हातात धरायचा, त्याची बारीक मूठ उजव्या अंगठ्यानं हलकेच फिरवायची आणि केसाएवढा फरक पकडायचा, ह्यावर माझा संसार चाललेला. गेल्या वर्षी पैठण रोडवर गाडी खडीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा माझं ऐकेना. शर्टाचं बटण लागेना, किल्ली फिरेना. कंपनीतल्या साहेबांनी फार प्रेमानं सांगितलं, "नाहीच जमलं तर गेटवर बसा, तिथं हाताचं काही काम नसतं." त्या प्रेमाचा मी असा धसका घेतला की घरात कुणाशी धड बोलेनासा झालो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मी पलंगाखाली भिरकावला, आणि तो काढायला वाकायचीही इच्छा उरली नाही.

मॅडम समजूतदार होत्या. "चेंडूचा कंटाळा येत असेल तर दोन्ही अंगठ्यांनी खेळायचा एखादा व्हिडिओ गेम घ्या," त्या म्हणाल्या, "खेळता खेळता व्यायाम होईल." हे कळल्यावर पुण्याच्या माझ्या मेहुण्यानं हातात धरून खेळायचं एक नवंकोरं गेमिंग मशीन पाठवून दिलं. मधे पडदा, डावीकडं अंगठ्यानं फिरवायची दांडी, उजवीकडं तशीच दुसरी दांडी आणि वर बटणं. आत गेम मात्र एकही नव्हता. गेमची छोटी छोटी कार्डं मिळतात, ती पाठीत खोचायची. "गेम तुमच्या आवडीनं घ्या, दाजी," असं त्यानं फोनवर सांगितलं. बायकोनं ते वाक्य जसंच्या तसं मामांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच मामा दारात हजर झाले.

त्यांनी मशीन हातात घेतलं. वजन पाहिलं, पाठ पाहिली, दोन्ही दांड्या हलवून पाहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, जनावर चांगलंय. पण आता गेम निवडायचा म्हणजे जबाबदारीचं काम. तुम्ही फक्त बसा. निवडतो मी."

पैठण गेटजवळ मोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत नव्या-जुन्या गेमची कार्डं विकणारं एक दुकान आहे. मालक तरुण, चटपटीत, गिऱ्हाईक आत यायच्या आधी त्याच्या हातात काय द्यायचं ते ठरवणारा. त्यानं चार कार्डं काउंटरवर टाकली. मामांनी एकाला हात लावला नाही. खुर्ची मागवून घेतली, बसले, आणि म्हणाले, "बैल जुंपून बघतात तसे हे चारही चार-चार दिवस घरी नेणार. पसंत पडलं तर ठेवू, नाय तर आणून देऊ."

"चाचा, ऐसा नहीं होता," मालक हसला. "ये बैल थोडी है, गेम है."

"तेच म्हणतो ना मी. बैल नाय म्हणून चारच दिवस मागू ऱ्हायलो. बैल असता तर आठ मागितले असते."

ह्या हिशोबापुढं त्या माणसाचं काही चाललं नाही. जुन्या कार्डांच्या बाबतीत तो कबूल झाला. पुढं पुढं तर मामा दिसले की तोच खुर्ची पुसून ठेवायला लागला. "आओ चाचा, आज कौनसा जोतना है?" असं विचारायचा आणि मामा त्याला मनापासून सविस्तर उत्तर द्यायचे.

मग आमच्या घरी गेमची पारख सुरू झाली. बंदुकीचा गेम पहिल्याच दिवशी परत गेला. "समोरच्याला नाव विचारलं नाय, गाव विचारलं नाय, थेट गोळी? असली संगत नको." फुटबॉलचा गेम दोन दिवस टिकला. इतके गडी लावून दिवसभरात एक-दोनच गोल होत असतील तर मुकादम बदलला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. मोटारींच्या शर्यतीत मामा स्वतः चालवायला बसले. डाव्या बाजूनं, बेतानं, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट करून देत त्यांनी शर्यत पुरी केली. सगळ्यात शेवटी पोचले, पण गाडीला ओरखडा नव्हता, आणि ह्याचं बक्षीस कसं नाही, ह्यावर ते बराच वेळ दुकानदाराशी बोलत होते.

शेतीचा गेम आला तेव्हा मी सावरून बसलो. त्यात एक हसरा माणूस बी टाकत होता, झारीनं पाणी घालत होता आणि बघता बघता पीक डोलायला लागत होतं. मामांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "रानडुक्कर नाय. लाईट जात नाय. मजूर ऐनवेळी लग्नाला जात नाय. ही शेती नाय पाव्हणं, हे कॅलेंडरवरचं चित्र हाय." पण तो गेम त्यांनी लगेच परत केला नाही. गोठ्यात एक तपकिरी गाय होती. तिच्याजवळ जाऊन बटण दाबलं की ती मान वर करून बघायची. मामा ते बटण पुन्हा पुन्हा दाबत बसायचे. कार्ड परत करायला निघालो त्या दिवशी ते मशीनमधून काढायच्या आधी त्यांनी ते बटण आणखी एकदा दाबलं.

शेवटी पसंत पडलं ते एक अस्वल. पाठीवर गाठोडं घेऊन हे अस्वल डोंगर चढतं, मधल्या पठारांवर फळं गोळा करतं, आणि पुन्हा चढतं. चढताना उजव्या अंगठ्यानं दांडी फिरवून दोर गुंडाळायचा, सोडला की ते खाली. "हे कुणाला मारत नाय," मामांनी निकाल दिला. "पडलं तर रडत नाय. अंग झटकतं आणि पुन्हा दोराला हात घालतं. हेच ठेवा."

मशीन रोज संध्याकाळी मामा पडेगावला घेऊन जायचे. "तुमच्याकडच्या लाईटचा भरवसा नाय, चार्जिंग करून आणतो," हे कारण. दुपारी परत आणायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. मी खेळायचो, आणि मला गेम भलताच सोपा वाटायचा. अस्वल नेहमी कुठल्या तरी पठारावर उभं असायचं. फळं गोळा करायची, झऱ्याचं पाणी प्यायचं, फुलपाखरामागं जायचं. डाव्या अंगठ्यानं सगळं भागायचं. कधी चढ जवळ आला की मामा म्हणायचे, "आता दमला असाल. द्या इकडं." मला बरं वाटायचं. जगात एक तरी गोष्ट मला जमत होती.

पुढच्या तपासणीला मामाही सोबत आले. मॅडमनी माझे दोन्ही अंगठे दाबून, वळवून पाहिले. डावा पैलवान झाला होता. उजवा होता तिथंच. त्यांनी मशीन मागून घेतलं, गेम उघडला, आणि बघतात तर अस्वल शिखराच्या थोडंसंच खाली उभं. "एवढे सगळे चढ तुम्ही चढलात?" त्यांनी मला विचारलं. मी मामांकडं पाहिलं. मामा छताकडच्या पंख्याची पारख करत होते.

"चढ मी चढवलेत," ते अखेर म्हणाले. "पहाटे उठून. अवघड अवघड तेवढे."

"पण का?"

"आता का काय, बाई? जावई हायेत ते आमचे. जावयाला चढाला कसं जुंपायचं?"

मॅडम शहरात वाढलेल्या, त्यांना ह्यातलं काही कळलं नाही. मला पुरतं कळलं. ह्या घराण्यात जावयानं जेवलेलं ताटसुद्धा उचलायचं नसतं. लग्नानंतर पहिल्यांदा बिडकीनला गेलो तेव्हा मी विहिरीवरून एक बादली पाणी आणलं होतं, तर मामांनी घरातल्या सगळ्या बायामाणसांना ओळीनं उभं करून "पाव्हण्याला बादली कुणी दिली?" म्हणून चौकशी केली होती. त्याच मानापोटी हा माणूस पहाटे अंगणात बसून माझ्या वाटचे डोंगर चढत होता. नंतर मामींनी सांगितलं की त्या रोज त्यांच्या अंगठ्यांना तेल चोळत होत्या.

मॅडमनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्ही चढलात तर तुमचा अंगठा बरा राहील. ह्यांचा असाच राहिला तर पुढं फार उशीर होईल." मामांचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. रिक्षात ते माझ्या उजव्या हाताकडं बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळीच आले, मशीन माझ्या मांडीवर ठेवलं, आणि खुर्चीवर न बसता समोर उभे राहिले. अस्वल डोंगराच्या पायथ्याशी उभं होतं. गाठोडं रिकामं. पैठण गेटच्या दुकानात जाऊन त्यांनी आतला सगळा खेळ पुसून आणला होता. इतक्या पहाटा घालून चढलेले सगळे कडे त्यांनी एका बटणात सोडून दिले होते.

"पाव्हणं," मामांनी हात जोडले, "आमच्या घरात असं कुणी जावयाला म्हणलं नाय. पण आता तुम्हालाच राबावं लागंल. मी हात लावणार नाय."

आणि ते शेजारी येऊन आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्या दिवसापासून ते रोज तसेच बसायचे. अस्वल पडायचं, पुन्हा पडायचं. मामांचे खांदे उडायचे, "आरारारा" व्हायचं, पण हात मांड्यांखालून निघायचे नाहीत. मी चिडायचो. एकदा तर मशीन आदळायच्या बेतात होतो. "आदळा," मामा शांतपणे म्हणाले, "पण उजव्या हातानं आदळा." मला हसू फुटलं. अपघातानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. स्वयंपाकघरातून बायको धावत आली, मला काय झालं ते बघायला.

पहिला कडा मी चढलो तो एका साध्या दुपारी. अंगठा दांडीवर होता, दुखत होता, थरथरत होता, पण फिरत होता. अस्वल वर गेलं आणि अंग झटकून उभं राहिलं. मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुढं कडे वाढत गेले, शर्टाचं बटण लागलं, किल्ली फिरली, आणि मी कामावर रुजू झालो. मायक्रोमीटरची मूठ अंगठ्याखाली पहिल्यांदा फिरली तेव्हा मला घरच्यांची नाही, देवाची नाही, मांड्यांखाली हात दाबून बसलेल्या ह्या माणसाचीच आठवण झाली. मॅडमचे उपकार आहेतच, मेहुण्याचेही आहेत. पण ज्यानं माझ्यासाठी आपल्या घरची रीत मोडली, त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे हे मला अजून कळलेलं नाही. आभार मानले तर ते रागावतील, हेही आहेच.

मी कामावर जायला लागलो तसं मामांचं येणं थांबलं. जावयाच्या घरी कारणाशिवाय जायचं नाही, हाही त्यांचा एक नियम. मामी फोनवर म्हणाल्या, "हल्ली नुसते गच्चीवर बसून ऱ्हातात. परवा भाजीवाल्यानं दिल्या त्या मेथीच्या जुड्या न बघता घेतल्या." मामांनी न बघता मेथी घेतली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रविवारी मी पडेगावला गेलो. मामांनी आधी माझा उजवा अंगठा पाहिला. दाबला, वळवला, पसंतीची मान हलवली. "बेस झाला. आता माझं काय काम?"

"मामा," मी म्हणालो, "डावा जरा दुखायला लागलाय. ह्याच्यासाठी वेगळा गेम बघावा लागेल असं वाटतं."

मामांनी माझा डावा अंगठा दोन्ही हातांत घेतला. तो अंगठा ठणठणीत होता, आणि जनावर आणि माणूस ह्यांच्या दुखण्याची पारख ज्याला आहे त्याच्यापासून ते लपणं शक्य नव्हतं. त्यांनी तो उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "सूज हाय थोडी. ह्याला लई दिवस लागतील, पाव्हणं. उद्यापासून येतो."